आइस बूमचा मालक

आमच्या कॅझच्या पायावर कुणी पाय दिला तर हा त्यालाच सॉरी म्हणेल. मी त्याची मोठी बहीण, बर्नाडेट, आणि माझ्या पायावर पाय देणाऱ्याचं काय होतं ते बफलोजवळच्या आमच्या चीकटोवागा गावात कुणालाही विचारा. आईने सगळा तिखटपणा पहिल्या बाळंतपणातच खर्च केला, दुसऱ्याला काही उरलंच नाही, असं आमचे बाबा म्हणायचे. म्हणूनच त्या दिवशी माझ्या सलूनच्या मागच्या खोलीतून काहीच आवाज येईना, तेव्हा मला धस्स झालं. कॅझ गप्प बसणं नवीन नाही. पण त्या दिवशी तरी त्याने हसायला हवं होतं.

दोन हजार चार सालचा एप्रिल संपत आला होता. 'सेंटिनल बे' नावाचा गेम त्या दुपारी सगळ्यांसाठी उघडला होता. इंटरनेटवर एक अख्खं शहर, हजारो माणसं एकाच वेळी त्यात, आणि प्रत्येक जण सुपरहिरो. पोशाख तुमचा, शक्ती तुमची, नाव तुमचं. त्याआधीच्या चाचणीत आम्ही दोघं बहीणभाऊ खेळलो होतो. माझी 'मिसेस फर्नेस', हातातून आगीचे लोळ फेकणारी. कॅझने चाचणीत मुद्दाम काहीतरी भलतंच नाव घेतलं होतं, कारण चाचणीतले सगळे हिरो कंपनी पुसून टाकणार हे ठाऊक होतं. खरं नाव त्याने पहिल्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. आणि गेमचा नियम सरळ होता: एका नावाचा एकच हिरो, आधी येईल त्याचा.

कारखान्यातून रजा घेऊन बसला होता बिचारा. मी मागे जाऊन बघते तर स्क्रीनवर हिरो तयार उभा. राखाडी लांब कोट, छातीवरून आडवी साखळी, साखळीत ओवलेले ओंडके. खाली नावाच्या चौकटीत 'आइस बूम', आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत: हे नाव उपलब्ध नाही.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"झाला असेल तासभर."

"आणि तू तासभर नुसता त्या अक्षरांकडे बघत बसलायस?"

"मला वाटलं, कदाचित सुटेल," कॅझ म्हणाला.

आता आइस बूम म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बफलोबाहेरच्या माणसाला वाटतं बर्फाचा बॉम्ब फुटला. तसं नाही. दर हिवाळ्यात आमच्या सरोवराच्या तोंडाशी, जिथून नायगारा नदी निघते तिथे, एक लांबच लांब तरंगती माळ बांधतात. पूर्वी ओंडक्यांची असायची, आता लोखंडी नळ्यांची. सरोवरातला बर्फ नदीत घुसून खालच्या वीजघराचं तोंड बुजवू नये म्हणून ती त्याला अडवून धरते. बस, तेवढंच तिचं काम. आणि वसंत जरा उशिरा आला की अख्खं शहर त्या माळेला शिव्या घालतं, की हिच्यामुळेच थंडी हटत नाही. जिचे आभार मानायला कुणी नाही, तिच्यावर माझ्या भावाने सुपरहिरो काढला. तेव्हा तो विशीतही नव्हता. सहा अंक काढले त्याने. चर्चच्या ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर ते छापले, मी टाचणयंत्राने शिवले, बोटं भोसकून घेतली. बंदरावरच्या सिगारेटच्या दुकानात आणि दोन-तीन पुस्तकांच्या दुकानांत ठेवले.

मग तो टोरंटोला कॉमिकवाल्यांच्या मेळ्याला गेला. तिथे एका मोठ्या कंपनीच्या संपादकाने अंक चाळले आणि परत हातात देत म्हटलं, "पोरा, नुसतं अडवून उभं राहणं म्हणजे हिरोगिरी नव्हे." झालं. दुसरा कुणी असता तर त्याला चार शब्द सुनावून आला असता. आमचे बंधुराज घरी आले, पेन्सिली गोळा केल्या आणि तळघरात ठेवून दिल्या. पुढे कुणी विचारलंच तर म्हणायचा, "असं एक कॉमिक होतं म्हणे. कुणीतरी काढायचं." कुणीतरी. मला असा संताप यायचा.

आणि इतक्या वर्षांनी या गेममुळे तो पहिल्यांदा तळघरात उतरला होता. जुने अंक समोर ठेवून, कोटाचं एकेक बटण लावून त्याने तो हिरो बनवला होता. चित्र काढायला नको, कुणाला दाखवायला नको, फक्त एकदा त्याला चालताना बघायचं होतं. तेवढं मिळालं असतं तर तो पुन्हा पेन्सिल धरेल अशी मला आशा होती. आणि नाही मिळालं तर या खेपेला तो तळघराला कुलूपच लावणार, हेही मला दिसत होतं.

"दुसऱ्या स्पेलिंगने घे," मी म्हटलं. "सगळे तेच करतायत. मागे एक आकडा लाव."

"नको."

"अरे, बाकीचे हिरो सतराशे साठ अक्षरं उलटसुलट करून..."

"तो आइस बूम आहे, बर्नी. आइस बूम नऊ नाही." इतक्या जोरात तो वर्षभरात बोलला नव्हता.

"मग तक्रार कर. तुझ्या कॉमिकमधलं नाव कुणीतरी ढापलंय. लिही कंपनीला."

मला वाटलं नाही म्हणेल, पण त्याने लिहिली. मी त्याच्या खांद्यावरून वाचली. 'हे नाव बफलोत छापल्या गेलेल्या एका कॉमिकमधलं आहे. ते काढणारे श्री. कॅझिमिर डुडेक माझ्या ओळखीचे आहेत. कृपया योग्य ती कारवाई करावी.'

"ओळखीचे?" मी म्हटलं. "रोज दाढी करताना भेटतात वाटतं?"

"तेवढं पुरे आहे," म्हणाला, आणि पाठवून दिली. वर गेममधलं त्याचंही खातं माझ्याच कार्डावर, म्हणजे माझ्या सासरच्या नावाने, बर्नाडेट मलोनी. म्हणजे त्या तक्रारीत माझा भाऊ कुठूनही सापडला नसता. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा त्याचा जन्माचा स्वभाव.

पुढचे दोन दिवस तो कारखान्यातून आला की मागच्या खोलीत बसायचा, नाव टाइप करायचा, लाल अक्षरं वाचायचा आणि घरी जायचा. तिसऱ्या संध्याकाळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅझ मागे लाल अक्षरांसमोर बसलेला, आणि दुकानात एकट्या मिसेस पावलाक उरल्या होत्या, केसांना रोलर लावून ड्रायरखाली बसलेल्या. मी त्यांच्या हातात मासिक दिलं, काउंटरवरचा कॉम्प्युटर लावला आणि मिसेस फर्नेसला घेऊन सेंटिनल बेच्या मुख्य चौकात उतरले. म्हटलं, हा चोर आहे तरी कोण, बघूच.

त्या पहिल्या आठवड्यात चौकात काय गोंधळ होता म्हणता. जिकडेतिकडे मुखवटे आणि चड्ड्या. उडायची शक्ती अजून कुणालाच मिळाली नव्हती, त्यामुळे सगळे रक्षणकर्ते टणाटण उड्या मारत हिंडत होते. गेममधल्या एखाद्या म्हातारीची पर्स चोराने खेचली रे खेचली की तीस-चाळीस हिरो त्याच्यावर तुटून पडायचे. त्या चोराचीच दया यायची. सिटी हॉलच्या पायऱ्यांवर पोशाखांच्या स्पर्धा लागलेल्या. आणि त्या पायऱ्यांच्या बाजूला, खांबाला लागून, तो उभा होता. राखाडी कोट, साखळी, ओंडके. डोक्यावर नाव: आइस बूम.

मी जी सुरुवात केली ती विचारू नका. "लाज वाटते का?" मी टाइप केलं. "दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव लावून चौकात उभे राहता. नाव घेतलंत ते घेतलंत, कोटही चोरलात?"

मी आणखी झाडलं. मिसेस फर्नेसच्या हातातून थोडी आगही फेकली, पण हिरोवर हिरोची आग लागत नाही हा या गेमचा मोठा दोष आहे.

मग त्याने टाइप केलं, "हे नाव मागायला येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारते. वसंतात आइस बूमला कोण सोडवतं?"

विचारते, म्हणजे बाई होती. माझी बोटं तिथल्या तिथे थांबली. कारण याचं उत्तर सहा अंक वाचलेल्यालाच माहीत असणार, आणि तसा माणूस मला माझ्याशिवाय माहीत नव्हता.

"त्याची आई," मी लिहिलं. "एप्रन घालून किनाऱ्यावर येते आणि जेवायला हाक मारते. तो एप्रन आमच्या आईचा आहे."

मग आलं, "आमच्या म्हणजे?"

"तो काढणारा माझा धाकटा भाऊ आहे. आता तुम्ही कोण ते सांगा."

तिने एका वाक्यात सांगितलं, आणि मी माझ्या सलूनचा नंबर टाइप केला, कारण इतकं टाइप करत बसायला मला धीर नव्हता. फोन लगेच वाजला. आवाज माझ्यापेक्षा तरुण, जरा घाबरलेला. नाव आयला कोस्की, राहणार डुलुथ, म्हणजे आमच्याच सरोवरांच्या पार दुसऱ्या टोकाला. तिचा मामा धान्याच्या जहाजांवर खलाशी होता. डुलुथहून गहू भरायचा आणि बफलोला उतरवायचा. बंदरावरच्या दुकानातून तो भाचीला हे कॉमिक न्यायचा. सहाच्या सहा अंक तिच्याकडे होते.

"पहिल्या दिवशी मी गेम उघडायच्या आधीपासून बसले होते," आयला म्हणाली. "लोकांची नावांची ओढाताण चालली होती. मला वाटलं, बर्फाचा बॉम्ब समजून हे नाव कुणीतरी पहिल्या पाच मिनिटांत उचलणार. म्हणून घेऊन ठेवलं. खेळायला नाही हो. मी एकदाही या पायऱ्या उतरले नाही. म्हटलं, ज्याने हे काढलंय तो कुठेही असला तरी या गेममध्ये येऊन पहिल्यांदा आपलं नाव टाकून बघेल. नाही मिळालं की शोधत येईल."

मिसेस पावलाक ड्रायरमधून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होत्या.

"तो शोधत यायचा नाही, बाई," मी म्हटलं. "तो तासभर लाल अक्षरांकडे बघत बसला. मग तक्रार लिहिली आणि गप्प झाला."

"तक्रार?" आयलाचा आवाज एकदम बदलला. "कॉमिकमधलं नाव आहे, अशी तक्रार?"

"हो. का?"

"अरे देवा. कधी केली?"

मग तिने सांगितलं. चौकात उभं राहून राहून तिने ते दोनदा पाहिलं होतं. मोठ्या कॉमिक कंपन्यांच्या वकिलांना हे गेमवाले टरकून होते. छापील कॉमिकमधलं नाव आहे अशी तक्रार आली की त्यांचा मार्शल यायचा, म्हणजे गेमवर लक्ष ठेवणारा त्यांचा माणूस, पांढऱ्या पोशाखातला. हिरोला दोन प्रश्न विचारायचा. त्या हिरोला नावावर हक्क सांगता आला नाही तर त्याचं नाव 'बेनाम हिरो' आणि पुढे आकडा. आणि मूळ नाव कायमचं बंद. कुणालाच मिळायचं नाही. मालकालाही नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या भावाने स्वतःच्याच नावाला स्वतःच्याच हाताने कुलूप लावायला सांगितलं होतं, तेही कृपया म्हणून. आणि कर म्हणणारी मी शहाणी.

"तक्रार मागे घेता येते का?" मी विचारलं.

"तसा काही मार्गच नाही. माझ्या ओळखीच्या एकाने मागे घ्यायला म्हणून लिहिलं, तर ती त्यांनी दुसरी तक्रार धरली आणि मार्शल लवकर आला."

मी मागच्या खोलीकडे बघून ओरडले, "कॅझ, इकडे ये."

तो आला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा दोनदा उतरला आणि एकदा खुलला. आयलाने "नमस्कार, मिस्टर डुडेक" म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या लेखी मिस्टर डुडेक म्हणजे आमचे बाबा, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आता ऐक," मी म्हटलं. "मार्शल आला तेव्हा नाव हिच्याकडे असेल तर ही काय सांगणार? हिचा काही हक्क नाही. नाव गेलं. पण तोवर ते तुझ्याकडे आलं असेल, तर तू सांगू शकतोस."

"काय सांगू?"

"की तू तू आहेस."

कॅझ खाली बघत म्हणाला, "तू सांग ना. खातं तुझ्याच नावावर आहे."

"मला नाही काढता येत साधी मांजर. मी काय सांगू? जा आत."

नाव द्यायचं म्हणजे आयलाला तिचा हिरो पुसावा लागणार होता. पुसल्यावर नाव सुटणार, आणि सुटलं की सगळ्यांना मोकळं. मधल्या मध्ये दुसऱ्या कुणी टाकलं तर संपलंच. कॅझचा हिरो तयार होता, फक्त नावाची चौकट राहिली होती. मी फोनची तार ताणून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. मिसेस पावलाक रोलरसकट माझ्या पाठीमागे.

"पुसू?" आयलाने विचारलं.

"पुसा," कॅझ म्हणाला.

"पुसतेय. नाव परत टाइप करायला सांगतोय. केलं. गेला."

कॅझने बटण दाबलं. लाल अक्षरं. पुन्हा दाबलं. लाल अक्षरं.

"गेला म्हणालात ना?" मी फोनमध्ये ओरडले.

"गेला. माझ्याकडे आता काहीच नाही," आयला म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडं होतं. त्या बाईने अनोळखी माणसावर विश्वास टाकून हातातलं सोडून दिलं होतं आणि ते हवेत लटकलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी मुखवटेवालं टोणगं ते नाव घेऊन बर्फाचे बॉम्ब फोडत चाललेलं दिसत होतं.

कॅझ दाबत राहिला. घाई नाही, चिडणं नाही. दाबायचं, वाचायचं, दाबायचं. कारखान्यात हा माणूस वर्षानुवर्षं पट्ट्यावरचे खोके बघत उभा राहतो, तो धीर त्या दिवशी कामाला आला. आणि एका दाबण्याला लाल अक्षरं आलीच नाहीत. स्क्रीन काळी झाली, मग उजाडली, आणि सिटी हॉलच्या पायऱ्यांवर राखाडी कोट घातलेला माझ्या भावाचा हिरो उभा होता.

"मिळालं," कॅझ म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मी भिंतीला टेकून खाली बसले. फोनमधून आयला हसत होती की रडत होती कळत नव्हतं. मिसेस पावलाक म्हणाल्या, "हाच ना तो बर्फ अडवणारा? माझ्या स्टॅनलीकडे याचा एक अंक होता." कॅझने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने बाण दाबला आणि आइस बूम एक पायरी खाली उतरला. आणखी एक. कोटाचा घोळ मागे हलत होता. कॅझ तो घोळच बघत होता.

तळच्या पायरीला पोचला नसेल तोच समोर पांढऱ्या पोशाखातला एक जण उभा राहिला. डोक्यावर नाव: मार्शल.

'नमस्कार,' स्क्रीनवर आलं. 'आपल्या हिरोच्या नावाबद्दल तक्रार आली आहे. हे नाव एका छापील कॉमिकमधलं असल्याचं तक्रारदाराचं म्हणणं आहे. आपल्याला काही सांगायचं आहे का?'

कॅझचे हात मांडीवर गेले. मी ओळखलं, हा आता सॉरी म्हणणार.

"लिही," मी म्हटलं.

"काय?"

"जे खरं आहे ते. चार अक्षरं."

'आपण उत्तर न दिल्यास नाव बंद करण्यात येईल,' मार्शलने लिहिलं.

कॅझने टाइप केलं, 'तक्रार बरोबर आहे.' मी कीबोर्ड हिसकावणार होते, देवाशपथ. पण त्याने पुढे लिहिलं, 'ते कॉमिक मी काढलंय. कॅझिमिर डुडेक मीच.'

मार्शलकडून आलं, 'तक्रारीत लिहिलंय की श्री. डुडेक तक्रारदाराच्या ओळखीचे आहेत.'

'तक्रारदारही मीच.'

'आपण स्वतःविरुद्ध तक्रार केलीत?'

'तेव्हा नाव माझ्याकडे नव्हतं. आणि तेव्हा ते काढणारा मीच आहे असं म्हणायचा धीर झाला नाही.'

'क्षमा करा,' मार्शलने लिहिलं, 'पण मीच तो, असं इथे रोज बरेच जण सांगतात. खातं कुणा बर्नाडेट मलोनी यांच्या नावावर आहे.'

'ती माझी बहीण. मागे उभी आहे. रागावलेली आहे.'

"मी रागावलेली नाहीये," मी म्हटलं. मिसेस पावलाक हसल्या.

'श्री. डुडेक,' आलं, 'काही पुरावा देता येईल का?'

कॅझने जरा विचार केला. मग तो लिहायला लागला, आणि थांबेचना. तळघरात धूळ खाणारे कच्चे कागद उद्या पाठवतो म्हणाला. दुसऱ्या अंकात साखळी उजव्या खांद्यावर आहे आणि तिसऱ्यापासून डाव्या, कारण उलटा झेरॉक्स निघाला आणि परत काढायला वेळ नव्हता. चौथ्या अंकातला पूल त्याने कारखान्याच्या गच्चीवरून काढला, म्हणून तो वरून दिसतो. डोळे का दाखवले नाहीत, कारण त्याला तेव्हा डोळे काढता येत नव्हते. हे मलाही माहीत नव्हतं. मी आजवर समजत होते की ती स्टाइल आहे.

फोनमध्ये पानं उलटल्याचा आवाज येत होता. "उजवा," आयला पुटपुटली. "आणि इथून डावा. खरंच की."

मार्शलने त्याला मध्ये तोडलं नाही. सगळं संपल्यावर त्याने लिहिलं, 'मला वाटतं एवढं पुरे. नियमाप्रमाणे मला निर्मात्याची परवानगी विचारावी लागते. श्री. डुडेक, हे नाव या हिरोला वापरू द्यायला आपली हरकत आहे का?'

कॅझने सावकाश टाइप केलं, 'नाही.'

'आभारी आहे. तक्रार निकाली काढतो. शेरा लिहितोय: निर्माता स्वतः हजर.' आणि पांढरा पोशाख नाहीसा झाला.

कॅझ ती ओळ वाचत बसला. मग मोठ्याने वाचली. मग मिसेस पावलाकना वाचून दाखवली, जशी काही त्यांना वाचता येत नव्हती. त्याने श्वास सोडला तो मला दारात ऐकू आला. इतकी वर्षं हा माणूस अर्धाच श्वास घेत होता की काय, कोण जाणे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. माझ्याच दुकानात मी कुणाला लपवून रडू?

"मिस्टर डुडेक," आयला फोनवर म्हणाली, "आता तुम्ही सापडलाच आहात तर एक विचारू का?"

"कॅझ म्हण," तो म्हणाला.

"सहाव्या अंकाच्या शेवटी साखळी तुटते. तो बर्फाच्या लादीवर उभा राहून धबधब्याकडे वाहत चाललाय, आणि अंक संपतो. मी अकरा वर्षांची होते. मामाला दर फेरीला विचारायचे, सातवा आला का. पुढे काय झालं?"

कॅझने मान खाजवली. "खरं सांगू? तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

"म्हणजे? मी एवढी वर्षं वाट बघतेय आणि तुम्हालाच माहीत नाही?"

आणि माझा भाऊ हसला. मोठ्याने, खुर्ची मागे ढकलून, बाबा हसायचे तसा. हसता हसता बाहेर येऊन त्याने माझ्या काउंटरवरचं गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायचं पॅड ओढलं, कोरी पाठ वर केली आणि माझ्या कानावरची पेन्सिल न विचारता काढून घेतली.

"फोन ठेवू नकोस," तो आयलाला म्हणाला. "सांगतो."

मिसेस पावलाकच्या डोक्यावर अजून रोलर होते आणि ते काढायची वेळ केव्हाच टळून गेली होती. पण आम्हा दोघींनाही त्याचं भान नव्हतं. मी दोन खुर्च्या ओढल्या आणि आम्ही ऐकायला बसलो.